पाण्याचे वजन

विहिरीत पाणी किती आहे हे पाहायचे तर दोरीला दगड बांधून आत सोडावा, ही आपली जुनी रीत. परंतु एकदम तीन राज्यांच्या पोटातले पाणी मोजायचे म्हटले, तर दोरी कोठून सोडावी? याचे उत्तर अलीकडे आकाशातून मिळाले आहे. मात्र त्यामागील विचाराचा एक धागा आपल्याच देशात सापडतो, म्हणून आपण तेथून आरंभ करू.

एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी चालू होती. मध्य हिंदुस्थानातील कलियानपूर आणि उत्तरेकडील कलियाना या दोन ठाण्यांतले अंतर दोन रीतींनी काढण्यात आले. एकदा जमिनीवर त्रिकोण मांडून आणि एकदा तारे पाहून. उत्तरांत सव्वापाच विकलांचा फरक पडला. तारे पाहताना उभी रेषा ओळंब्याने ठरवावी लागते, आणि हिमालयाच्या ओढीने ओळंबाच कलत असावा, असा तर्क होता. कलकत्त्याचे आर्चडीकन प्रॅट यांनी गणित मांडले, तेव्हा फरक जवळजवळ सोळा विकलांचा हवा होता. पर्वत दिसतो तितका ओढत नव्हता! त्याच्या तळाशी हलका खडक खोलवर गेला असावा, असा उलगडा एअरी यांनी 1855 साली केला. जमिनीखाली काय दडले आहे, हे न खणता केवळ ओढीवरून ताडता येते, हा या प्रकरणाचा धडा होय.

17 मार्च 2002 रोजी अमेरिका व जर्मनी यांनी मिळून ‘ग्रेस’ नावाचे दोन जुळे उपग्रह सोडले. सुमारे 220 किलोमीटरांचे अंतर राखून ते एकामागून एक पृथ्वीभोवती फिरत. खाली भूमी जड असली की पुढचा आधी ओढला जाई व अंतर वाढे. मग मागचाही ओढला जाई. केसाच्या जाडीहूनही लहान असा हा फरक सूक्ष्मलहरींनी मोजला जाई. डोंगर महिन्यामहिन्याला हलत नाहीत, पाणी हलते. म्हणून दर महिन्याच्या नकाशातला बदल हा मुख्यतः पाण्याच्या वजनाचा बदल ठरतो. त्यातून मातीतला ओलावा इत्यादी वजा केले की भूजलाचा हिशेब उरतो.

हा हिशेब रॉडेल, वेलिकोग्ना व फॅमिलिएट्टी यांनी 2009 साली ‘नेचर’मध्ये मांडला. ऑगस्ट 2002 ते ऑक्टोबर 2008 या काळात राजस्थान, पंजाब व हरियाणा (दिल्लीसह) येथून 109 घनकिलोमीटर भूजल नाहीसे झाले होते. म्हणजे कोयनेसारखी पस्तीसहून अधिक धरणे! आणि या वर्षांत पाऊस काही विशेष कमी पडलेला नव्हता. तेव्हा दोष मेघांवर ढकलण्याची सोय उरली नाही.

कारण उघड आहे. 1960 नंतरच्या दशकांत देशाला अन्नाची विवंचना होती. नवे बियाणे आले, सरकारने गहू व भात हमीभावाने घेतला, कूपनलिका वाढल्या, पुढे पंजाबात शेतपंपाला वीजही फुकट मिळाली. त्या धान्याने आपणा सर्वांचे पोट भरले आहे. म्हणून तेथील शेतकऱ्याला उधळ्या म्हणण्याचा अधिकार आपणांस नाही. शिवाय पहिला फटका त्यालाच बसतो. जमिनीवरचा पंप सात-आठ मीटरांपलीकडचे पाणी ओढू शकत नाही. पाणी त्याखाली गेले की खोल बोअर व पाण्यात बुडणारा पंप घ्यावा लागतो. ज्याच्याजवळ पैसा आहे तो खोल जातो. ज्याच्याजवळ नाही तो कर्ज काढतो किंवा शेजाऱ्याकडून पाणी विकत घेतो. 2009 मध्ये पंजाब व हरियाणा यांनी भाताची लवकर लावणी कायद्याने रोखली, ती यासाठीच.

ग्रेसचे काम 2017 मध्ये संपले. 2018 मध्ये त्याची जागा नव्या जोडीने घेतली. परंतु ही नजर लाखो चौरस किलोमीटरांची सरासरी पाहते. एका गावाची विहीर तिला दिसत नाही. आपल्या दख्खनच्या काळ्या खडकात तर पाणी भेगांतून राहते आणि दोन शेजारच्या विहिरींचे जमत नाही. म्हणून 1972 पासून भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण-विहिरी मोजत आली आहे, त्या मोजणीला पर्याय नाही.

उपग्रहाने शिल्लक किती घटली ते सांगितले. उपसा कोणी, किती आणि कोणत्या पिकासाठी करावा, हे तो सांगणार नाही. तो निवाडा आपला आपणच, जमिनीवर बसून, करावयाचा आहे.