राऊसची कोंबडी

1909 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये प्लायमाउथ रॉक जातीची एक कोंबडी आली. तिच्या छातीवर गाठ होती. तरुण पेटन राऊस यांनी ती गाठ वाटली, पेशी अडकून राहतील अशा बारीक गाळणीतून अर्क गाळला आणि तो निरोगी कोंबड्यांना टोचला. त्यांनाही गाठी झाल्या; म्हणजे त्यांचे कारण पेशींहून बारीक, विषाणूसारखे काहीतरी होते.

या प्रयोगाचा 1911चा शोधनिबंध आज कर्करोगशास्त्राचा पाया मानला जातो. तेव्हा मात्र विषाणूमुळे कर्करोग होतो, हे फारसे कुणाला पटेना. काही वर्षांत राऊस रक्ताच्या अभ्यासाकडे वळले. रक्त साठवण्याच्या तंत्रातही त्यांचा मोलाचा वाटा आहे.

कोणत्या निबंधाचा उल्लेख पुढे कुणी केला, हे नोंदवणारी युजीन गारफील्ड यांची ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ ही सूची 1964मध्ये निघाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, वयाच्या 87व्या वर्षी, राऊस यांना नोबेल मिळाले. निबंधानंतर तब्बल 55 वर्षांनी! अशा सूचींच्या आधारे, निबंधाच्या पहिल्या पाच-दहा वर्षांतल्या उल्लेखांवर संशोधक जोखणारी आजची पद्धत त्यांना न्याय देऊ शकली नसती.

राऊस यांच्या विषाणूतल्या ‘सार्क’ या कर्करोग घडवणाऱ्या जनुकाचे मूळ निरोगी पेशींतच असल्याचे मायकेल बिशप आणि हॅरॉल्ड वार्मस यांच्या गटाने 1976मध्ये दाखवले. बिशप आणि वार्मस यांना नोबेल मिळाले 1989 साली.