शॉकअप, पाटे आणि एका बाजूला कललेली गाडी

"गाडी डाव्या बाजूला बसल्यासारखी दिसते रे, कुठले शॉकअप टाकू?" किंवा, "मागून शेपूट टेकलंय, चांगले शॉकअप सुचव." इथे बॉथेलमध्ये ओळखीच्या मराठी मंडळींकडून वर्षातून दोन-तीनदा तरी हा प्रश्न येतो. मेकॅनिकलमध्ये पीएचडी केली की माणसाला गाडी दुरुस्त करता येते असा एक गोड गैरसमज आपल्या लोकांत आहे. (माझ्या प्रबंधात गाडीचा उल्लेखसुद्धा नाही, पण ते ऐकतो कोण!)

खरी गोची प्रश्नातच आहे. शॉकअप गाडीला उचलून धरत नाही. गाडी उचलून धरते ती स्प्रिंग. स्प्रिंग दाबली गेली की पुन्हा उसळते, आणि ती उसळी दोन-तीन झोक्यांत मरावी म्हणून शेजारी शॉकअप बसवलेला असतो. साधा तेलाचा शॉकअप टेबलावर आडवा ठेवून हाताने दाबलात तर सावकाश आत जातो आणि तिथेच राहतो. जो स्वतःलाच वर उचलू शकत नाही तो दीड टनाची गाडी काय उचलणार? तरीही बसलेली गाडी पाहून जगभरची माणसं आधी शॉकअपच विकत घेतात. याचं खापर मी त्यांच्या माथी फोडणार नाही. हा घोळ शंभर वर्षांपूर्वी बाजाराने घातला आहे आणि त्याची कथा मोठी मजेदार आहे.

घोडागाडीच्या काळात प्रश्न सोपा होता. लंडनच्या ओबाडाया इलियटने १८०४ साली लंबगोल पाट्यांच्या स्प्रिंगचं पेटंट घेतलं आणि तेव्हापासून बग्ग्या, व्हिक्टोरिया, टांगे सगळे पाट्यांवर आले. पाट्यांची गंमत अशी की ते दोन कामं एकटेच करतात. वजन पेलतात, आणि एकावर एक रचलेले पाटे एकमेकांवर घासतात त्या घर्षणात थोडी उसळीही जिरते. म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच जुडग्यात. घोड्याच्या वेगाला एवढं पुरेसं होतं.

मग मोटार आली. फोर्डची मॉडेल टी १९०८ ते १९२७ पर्यंत दीड कोटीच्या घरात विकली गेली. तिला पुढे एक आणि मागे एक असे दोनच पाटे, तेही आडवे, म्हणजे एकाच जुडग्याची दोन टोकं डाव्या-उजव्या चाकांकडे. रस्ते कसे होते ते विचारू नका. बॉथेलमध्ये लाल विटांच्या जुन्या रस्त्याचा एक तुकडा आजही जपून ठेवला आहे. १९१०च्या दशकात सिएटलकडून इथवर विटा अंथरल्या तेव्हा ती चैन समजली गेली होती. विटांची ती चैन आज गाडीच्या वेगाने अनुभवून पाहावी, दात खुळखुळतात.

या दात खुळखुळण्यावर धंदा उभा राहिला. इंडियानापोलिसच्या रॉबर्ट हॅसलरने मॉडेल टीसाठी जोडस्प्रिंगा विकायला काढल्या. पाट्याच्या टोकाला बोल्टने एक गोल गुंडाळीची स्प्रिंग लावायची, बस्स. जोडणी अफाट खपली. आणि तिचं नाव काय ठेवलं? 'शॉक अ‍ॅब्सॉर्बर'! वस्तू निखळ स्प्रिंग, वजन पेलण्यात पाट्याला हातभार लावणारी. धक्का शोषून घेते असं नाव दिलं की गिऱ्हाइकाला पटतं, 'जादा स्प्रिंग' म्हटलं की पटत नाही.

त्याच सुमारास क्लीव्हलंडमध्ये क्लॉड फॉस्टर नावाचा एक कल्पक माणूस होता. हा नाटकगृहाच्या वाद्यवृंदात ट्रॉम्बोन वाजवायचा. इंजिनाच्या धुरावर वाजणारा, अनेक सूर काढणारा हॉर्न त्याने बनवला आणि तुतारी फुंकणाऱ्या देवदूताच्या नावावरून त्याला 'गॅब्रिएल' म्हणायला लागला. हॉर्नमधून पैसा झाला. मग त्याने 'स्नबर' काढला. गाडीच्या सांगाड्यावर पट्ट्याची एक गुंडाळी, पट्ट्याचं टोक अ‍ॅक्सलला. चाक वर येताना पट्टा सैल पडून गुंडाळला जायचा, आणि स्प्रिंग उसळून परत जायला लागली की पट्टा ताणला जाऊन घर्षणाने तिला रोखायचा. म्हणजे हा मात्र अस्सल शॉकअप, वजन अजिबात न पेलणारा. दुकानात हॅसलरची स्प्रिंग आणि फॉस्टरचा पट्टा यांना गिऱ्हाईक एकाच नावाने हाक मारायचं. फॉस्टरने १९२५ साली कंपनी विकली आणि १९५२ मध्ये आपली जवळजवळ सगळी संपत्ती, चाळीस लाख डॉलरच्या आसपास, क्लीव्हलंडच्या शाळा-कॉलेजांना आणि धर्मादाय संस्थांना वाटून टाकली.

तुम्ही म्हणाल, या ट्रॉम्बोनवाल्याचं आपल्याला काय? तर मंडळी, 'गॅब्रिएल' हे नाव तुम्ही लहानपणापासून वाचलेलं आहे. १९६१ साली अमेरिकन सहकार्याने मुंबईत गॅब्रिएल इंडिया सुरू झाली, मुलुंडला कारखाना आला, आणि देशातल्या कितीतरी स्कूटरी, मोटारसायकली, मोटारी त्या नावाच्या शॉकअपवर चालल्या. गॅरेजात पोचेपर्यंत 'शॉक अ‍ॅब्सॉर्बर'चा 'शॉकअप' झाला आणि कुठेकुठे 'शॉकप'. इंग्लंडचे इंजिनियर याला 'डॅम्पर' म्हणतात, जो खरं तर बिनचूक शब्द आहे. दीडशे वर्षं राज्य करून गेले, पण हा शब्द काही देऊन गेले नाहीत.

१९३४ साली जनरल मोटर्सच्या गाड्यांना पुढे सुट्या चाकांची, गुंडाळी स्प्रिंगची रचना आली. रोल्स रॉइसमधून आलेल्या मॉरिस ऑली या इंजिनियरचा त्यामागे मोठा हात होता. गुंडाळी स्प्रिंगमध्ये पाट्यांसारखं घर्षण नाही, त्यामुळे तेलाचा शॉकअप आता हवाच झाला. इथे दोन कामांची खरी वाटणी झाली: वजन स्प्रिंगकडे, उसळी शॉकअपकडे. निदान कागदावर तरी!

कारण बाजार स्वस्थ बसला नाही. अमेरिकन कुटुंबं लांबलचक गाड्यांच्या डिकीत संसार भरून सुट्टीवर निघू लागली आणि शेपटी टेकू लागल्या. मग शॉकअपच्या अंगावरच एक स्प्रिंग चढवून 'लोड लेव्हलर' विकले गेले. पुढे रबरी फुग्यात हवा भरायचे 'एअर शॉक' आले. पुन्हा तेच, पेलायचं काम दुसऱ्याच्या नावावर. दक्षिणेत हातभट्टीची दारू वाहणाऱ्यांनी मात्र नावाशी न खेळता मागे सरळ कडक स्प्रिंगा बसवल्या. माल भरला की गाडी सपाट दिसायची, पोलिसांना संशय नाही. रिकामी परतताना मात्र शेपूट आभाळात! आपल्याकडे मालट्रकला 'एक पाटा वाढवून' घेतात त्यामागचा विचार याहून फार वेगळा नसतो. मुंबईच्या टॅक्सीत सीएनजीची टाकी डिकीत आली तेव्हा मागच्या पाट्यांवर कायमचे दोन-चार मण चढले. तिथे पाटा वाढवणं हा चोरीचा नाही, गरजेचा मामला.

कारखानदारांनाही उंची आपोआप सांभाळण्याचं वेड लागलं होतं. १९५५ मध्ये पॅकार्डने पुढच्या-मागच्या चाकांना जोडणारे लांब पिळदार दांडे आणि इलेक्ट्रिक मोटर वापरून गाडी सपाट ठेवली. त्याच वर्षी पॅरिसला सित्रोएनने तेल आणि वायूवर तरंगणारी डीएस दाखवली. १९५७ ला कॅडिलॅकच्या सर्वात महाग गाडीत हवेच्या स्प्रिंगा आल्या, पुढच्या वर्षी जनरल मोटर्सने त्या इतर गाड्यांवरही देऊ केल्या. हवा गळायची. सकाळी गाडी गॅरेजात पोट टेकून बसलेली. बऱ्याच मालकांनी वैतागून साध्या लोखंडी गुंडाळ्या बसवून घेतल्या. सित्रोएनचं तंत्र पुढे कित्येक दशकं चाललं, पण हवेच्या गाड्यांवर गुंडाळ्या चढवण्याचा धंदा अमेरिकेत आजही जोरात आहे, फक्त गाड्या बदलल्या.

आता बॉथेलकडे परत. एका सहकाऱ्याची जुनी वॅगन मागून बसली होती. गॅरेजवाल्याने मागचे शॉकअप बदलायला सांगितले, बदलले, आणि गाडी आणखी खाली गेली! सहकारी चक्रावला. कारण तिच्यात निव्होमॅट जातीचे शॉकअप होते, जे व्होल्वोच्या वॅगन आणि क्रायस्लरच्या व्हॅनवर बरेच दिसतात. आतापर्यंत जे सांगितलं त्याला हा अपवाद आहे, कारण निव्होमॅट खरंच वजन पेलतो. गाडी चालताना जी वर-खाली हालचाल होते तिच्यावरच आतला छोटा पंप चालतो, तेल दाबाखाली भरत जातं आणि एक-दोन किलोमीटरमध्ये शेपूट वर येते. बाहेरून वीज नको, नळी नको. मला विचाराल तर मोटारीतल्या सगळ्यात देखण्या कल्पनांपैकी ही एक. पण शॉकअप वजन पेलणार म्हणून कारखान्याने शेजारची स्प्रिंग मुद्दाम मऊ ठेवलेली असते. शॉकअप साधा बसवलात की त्या मऊ स्प्रिंगवर सगळा भार पडतो. तिथे एक तर निव्होमॅटच पुन्हा घ्यावा, नाही तर साध्या शॉकअपबरोबर कडक स्प्रिंगाही घ्याव्यात. अर्धं हे आणि अर्धं ते चालत नाही.

हल्लीचे वायू भरलेले शॉकअप थोडंसं उचलतात, हेही सांगायला हवं. दांडा १४ मिलिमीटरचा आणि आतला दाब २५ बार धरला तर जोर येतो ३८५ न्यूटन, म्हणजे साधारण ३९ किलो. चाकापाशी स्प्रिंगचा कडकपणा मिलिमीटरला २५ न्यूटन असेल तर गाडी फार तर दीड सेंटिमीटर वर येईल. मोजपट्टीला दिसेल, पण बसलेली गाडी त्याने सरळ होणार नाही.

राहिला डावी-उजवीकडचा कल. या भागात टोयोटाचे टकोमा पिकअप उदंड. त्यांचा पुढचा डावा कोपरा किंचित खाली असतो, इतका नेहमीचा प्रकार की मालकांनी त्याला लाडाचं नावही ठेवलं आहे. ड्रायव्हर डावीकडे, पेट्रोलची टाकी डावीकडे, कलणारच. उपाय म्हणून डाव्या स्प्रिंगच्या डोक्यावर पाव इंचाची चकती घालतात आणि गाडी जवळजवळ अर्धा इंच उठते. दुप्पट का? कारण स्प्रिंग चाकापाशी नसून आडव्या हाताच्या मध्यावर टेकलेली असते, साधी तरफ आहे.

चकती म्हटलं की लोक नाक मुरडतात. मी मुरडत नाही. पोलाद म्हातारं झालं तरी मऊ होत नाही, त्याचा कडकपणा तोच राहतो. वर्षानुवर्षांच्या भाराने स्प्रिंगची मोकळी लांबी तेवढी घटते. चकती नेमकी ती घट भरून काढते. स्प्रिंग तुटलेली किंवा गंजाने खाल्लेली असेल तर मात्र ती बदलायची, आणि दोन्ही बाजूंची बदलायची. उंच बाजूची स्प्रिंग कापून जमवणं हा सर्वात वाईट उपाय: वेढे कमी झाले की उरलेली स्प्रिंग जास्त कडक होते, मग गाडी उभी असताना सरळ आणि वळणावर वाकडी.

पण काहीही मागवण्याआधी मोजा. टायरात हवा सारखी, जमीन सपाट, गाडी थोडी पुढे-मागे ढकलून सैल केलेली, आणि माप जमिनीपासून नाही तर चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत, म्हणजे झिजलेला टायर हिशोबात येत नाही. चारही कोपरे मोजा. मागची उजवी स्प्रिंग थकली की पुढचा डावा कोपरा उचलल्यासारखा दिसतो, चौपाईच्या तीन पायांवरच्या डुगडुगीसारखं. रोगी एकीकडे आणि औषध दुसरीकडे असं इथेच होतं. उंची बदलली की चाकांची अलाइनमेंट आणि दिव्यांचा रोख पुन्हा बघावा लागतो. आणि स्प्रिंग दाबायचं काम घरच्या शिकंज्यावर करू नका, सुटली तर जीव घेईल.

कायद्याचं म्हणाल तर आमच्या वॉशिंग्टन राज्यात गाडी मुळापेक्षा खाली आणायला एक मर्यादा आहे: चाकाच्या रिमच्या तळापेक्षा गाडीचा कुठलाही भाग खाली नको. असाच कॅलिफोर्नियाचा १९५८चा नियम लोरायडरवाल्यांवर धरला जाई, आणि त्यालाच चकवायला रॉन अगीरे याने आपल्या कॉर्व्हेटला विमानाच्या जुन्या हायड्रॉलिक्सवर वर-खाली होणारं केलं. तो नियम २०२४ च्या सुरुवातीला रद्द झाला. उलट नॉर्थ कॅरोलायनाने २०२१ मध्ये नाक वर, शेपूट खाली अशा पिकअपवर बंदी आणली; पुढचं मडगार्ड मागच्यापेक्षा चार इंच किंवा जास्त उंच चालत नाही. देशात २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर कारखान्याच्या मूळ रचनेत फेरफार करायला फार थोडी जागा उरली आहे, तेव्हा तिकडे मूळ मापाची स्प्रिंग हाच सरळ मार्ग.

जाता जाता एक. टकोमासाठी इथे ऑस्ट्रेलियन 'ओल्ड मॅन इमू' स्प्रिंगा पुष्कळ खपतात. त्यांच्या काही जोड्यांत दोन स्प्रिंगा सारख्या नसतात, एक किंचित उंच असते आणि ती ड्रायव्हरच्या बाजूला बसवायची असते. ऑस्ट्रेलियात ड्रायव्हर आपल्यासारखाच उजवीकडे बसतो, अमेरिकेत डावीकडे. म्हणून बसवताना डावं-उजवं विसरा आणि स्टिअरिंग कुठे आहे ते बघा.