व्हेरिलॉगमधील संख्या व स्ट्रिंग

व्हेरिलॉग या हार्डवेअर वर्णन भाषेत थेट लिहिलेल्या स्थिर मूल्यास लिटरल म्हणतात. ही भाषा १९८३-८४ च्या सुमारास गेटवे डिझाइन ऑटोमेशन या कंपनीत विकसित झाली; १९९५ मध्ये आयईईई १३६४ हे तिचे मानक प्रसिद्ध झाले. सर्वसाधारण आज्ञावलीत संख्या म्हणजे केवळ मूल्य. येथे ती किती बिटांत, म्हणजे किती तारांवर मांडायची, हेही महत्त्वाचे असते.

संख्या

पूर्ण रूपात प्रथम बिटांची संख्या, मग एकेरी अवतरणचिन्ह, पायाचे अक्षर आणि शेवटी अंक येतात. द्विमानासाठी बी, अष्टमानासाठी ओ, दशमानासाठी डी व षोडशमानासाठी एच हे अक्षर वापरतात. ८'बी१०१०_०१०१ म्हणजे दशमान १६५. (प्रत्यक्ष संहितेत अक्षरे व अंक रोमनच लागतात.) अधोरेषा केवळ वाचनाच्या सोयीसाठी असते. अंकाच्या जागी एक्स लिहिल्यास तो बिट अज्ञात, झेड लिहिल्यास विद्युतदृष्ट्या तुटलेला मानला जातो. ऋणचिन्ह बिटसंख्येच्या आधी लिहितात.

पाया न लिहिल्यास संख्या दशमान समजली जाते, आणि नवशिक्यांची फसगत बहुधा येथेच होते. चार बिटांच्या चलात १०१० एवढेच लिहिले, तर ते द्विमानातील दहा न ठरता एक हजार दहा ठरते. त्याचे खालचे चार बिट उरतात आणि चलात २ हे मूल्य जाते. व्याकरणदृष्ट्या विधान निर्दोष असल्याने साधने फार तर इशारा देतात. चूक मंडलाच्या वर्तनातूनच उघड होते.

स्ट्रिंग

स्ट्रिंग दुहेरी अवतरणचिन्हांत, एकाच ओळीत लिहितात. प्रत्येक अक्षर ८ बिटांचा आस्की संकेत असते. भाषेच्या दृष्टीने स्ट्रिंग ही एक मोठी संख्याच होय. रोमन लिपीतील ‘पनवेल’ या नावात सहा अक्षरे, म्हणून ४८ बिट लागतात. ४० बिटांच्या चलात ते ठेवल्यास डावीकडचे ‘पी’ गळते. चल मोठा असल्यास डावीकडे शून्ये भरली जातात. देवनागरी अक्षरे आस्कीत नाहीत. यूटीएफ-८ मध्ये ‘पनवेल’चे पाच संकेत प्रत्येकी तीन बाइटचे, म्हणजे एकूण १२० बिट होतात.

व्हीएचडीएलशी तुलना

व्हीएचडीएल या बाबतीत अधिक कडक आहे. तेथे एका बिटाचे मूल्य एकेरी, तर अनेक बिटांचे दुहेरी अवतरणचिन्हांत लिहितात आणि लांबी न जुळल्यास मूल्य न कापता त्रुटी दाखवली जाते.