बॅटरीवरचा आरोप

पालघर आणि बोईसर यांच्या दरम्यान, उमरोळीवरून जाणाऱ्या रेल्वेमार्गावर विजेच्या बॅटरीचे दुखणे मोटारगाडीच्या पुष्कळ आधी येऊन पोहोचले होते, ही गोष्ट बोईसरच्या रस्त्यावर ऑटो इलेक्ट्रिशियनच्या दुकानापुढे गाडी उभी करून तिष्ठत बसलेल्या गृहस्थाच्या गावीही नसते. मुंबई, बडोदा आणि मध्य हिंदुस्थान रेल्वे कंपनीचा हा मार्ग १८६४ साली गुजरातेतून येऊन मुंबईच्या ग्रँट रोडला मिळाला तो तेलाच्या दिव्यांचा काळ होता. पुढे १८९० नंतरच्या दशकात लंडनच्या जे. स्टोन कंपनीने डब्याच्या आसाला पट्ट्याने जोडलेला डायनामो आणि डब्याच्या पोटाखाली शिशाच्या पत्र्यांची बॅटरी, अशी योजना प्रचारात आणली आणि यथाकाल हिंदुस्थानातील रेल्वेंनीही त्याच तत्त्वाचा अंगीकार केला. गाडीने पुरेसा वेग घेतला की एक स्वयंचलित कळ डायनामोला बॅटरीशी जोडून देई, वेग उतरला की तीच कळ त्यांची फारकत करी, आणि मधल्या काळात दिव्यांचा सारा भार एकट्या बॅटरीवर पडे. लांब पल्ल्याच्या मेलगाडीला ही व्यवस्था उत्तम मानवली; परंतु सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव असे प्रत्येक ठिकाणी थांबे घेत जाणाऱ्या उतारू गाडीच्या नशिबी, वेग धरतो न धरतो तोच ब्रेक लागत असल्यामुळे, मिणमिणते दिवे येणे हे त्या योजनेतच अध्याहृत होते. दिवे मंदावले म्हणजे बॅटरी निकामी झाली, असा निवाडा डब्यातील उतारूने करावा हे स्वाभाविक होते. दोष मात्र बॅटरीचा नसून वेळापत्रकाचा होता.

मोटारीच्या इतिहासात हाच खटला पुनःपुन्हा चालला आहे, आणि प्रत्येक वेळी आरोपीच्या पिंजऱ्यात प्रथम बॅटरीच उभी केली गेली आहे.

गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शिशाचे पत्रे गंधकाम्लात बुडवून पुन्हा पुन्हा भरता येणारी पहिली बॅटरी सिद्ध केली, १८८१ साली कामीय फोर याने त्या पत्र्यांवर शिशाच्या संयुगाचा लेप देऊन तिची धारणशक्ती वाढवली, आणि मोटारीत तिला खरे महत्त्व आले ते १९१२ साली, चार्ल्स केटरिंगच्या विद्युत स्टार्टरसह कॅडिलॅक गाडी बाजारात आली तेव्हा. त्यापूर्वी हँडल मारून एंजिन चालू करण्याचे श्रम होते, आणि हँडल उलटून हाताचे हाड मोडल्याची उदाहरणेही होती. आपल्याकडे मात्र सेल्फ आला तरी हँडल गेले नाही. अँबॅसॅडर काय किंवा जुनी फियाट काय, गाडीबरोबर हँडल मिळे. आणि सेल्फने दगा दिल्यास मालक एकतर ते बाहेर काढी किंवा चार माणसे जमवून धक्का मारवून घेई. त्यामुळे उतरलेली बॅटरी ही त्या काळी अडचण असे, आपत्ती नसे. माझ्या मते या हँडलनेच निदानाच्या कलेची वाढ कैक वर्षे खुंटवून ठेवली, कारण ज्या दोषावाचून निभावते त्याच्या मुळाशी जाण्याची निकड कोणालाच भासत नाही.

पालघर-बोईसरच्या पट्ट्यात ही निकड उत्पन्न झाली ती तारापूरच्या उभारणीबरोबर. तारापूर अणुविद्युत केंद्राचे पहिले दोन संच ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यापारी तत्त्वावर चालू झाले. तत्पूर्वीच्या बांधकामाच्या वर्षांत, आणि मागाहून महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने बोईसरला कारखान्यांची वसाहत वसविल्यावर, भातखाचरांच्या या मुलुखात जीपा, मालमोटारी आणि कामगारांची ने-आण करणाऱ्या बसगाड्या यांची रहदारी सुरू झाली. पाळीची वेळ गाठावयाची असलेल्या बसला हँडलचे लाड परवडत नाहीत. पूर्वेकडे मनोर आणि चिल्हार फाट्याला अहमदाबादचा महामार्ग, पश्चिमेकडे सातपाटीच्या यांत्रिक होड्या, आणि मधोमध ही कारखान्यांची वसाहत, अशा त्रिविध गिऱ्हाइकीवर ऑटो इलेक्ट्रिशियनचा धंदा पोसला गेला.

त्या पिढीचे यंत्र म्हणजे डायनामो, आणि डायनामोची थोरवी ही की तो आपली सर्व कैफियत उघड्यावर मांडीत असे. कार्बन झिजले की ते दिसत, आर्मेचरवरील तांब्याच्या पट्ट्या काळवंडल्या की त्या दिसत, आणि कटआउटच्या, म्हणजे डायनामो बॅटरीला जोडणाऱ्या-तोडणाऱ्या कळीच्या, पेटीचे झाकण काढले की त्यातील टोके मिटतात किंवा नाही हे नुसत्या डोळ्यांनी पाहता येई. साधारण १३ व्होल्टच्या आसपास कटआउट मिटला पाहिजे आणि एंजिन मंदावताच उघडला पाहिजे. तो चिकटून बसला तर बॅटरीच उलट डायनामोला मोटारीसारखी फिरवू पाहते आणि काही वेळातच रिती होते. डायनामो दोषी की पेटी दोषी हे ठरविण्याची एक सुरेख रीत लुकास कंपनीच्या यंत्रांवर काम करणाऱ्यांना अवगत होती. पेटीकडे जाणाऱ्या दोन्ही तारा डायनामोवरून सोडवावयाच्या, ती दोन टोके एकमेकांस जोडावयाची, तेथून बॉडीपर्यंत मीटर लावावयाचा आणि एंजिनचा वेग हळूहळू वाढवावयाचा. वेग फारसा न वाढविता काटा झपाट्याने २० व्होल्टपर्यंत चढला तर डायनामो निर्दोष; मग तपास पेटीकडे आणि तारांकडे वळवावा. एका साक्षीदाराला दुसऱ्यापासून अलग करून त्याची जबानी घेण्याचे हे तत्त्व कोणत्याही तहकीकातीला भूषणावह ठरेल.

परंतु सर्वांच्या हाती ही रीत नव्हती. बहुसंख्य दुकानांत चाले ती दुसरी, अधिक झटपट चाचणी: एंजिन चालू असतानाच बॅटरीचे एक टर्मिनल उपटून काढावयाचे, आणि गाडी बंद न पडता चालत राहिली तर चार्जिंग ठीक आहे असे जाहीर करावयाचे. डायनामोच्या जमान्यात हे धाडस बहुधा खपून जाई. या चाचणीमुळे उस्तादाची प्रतिष्ठा वाढे, गिऱ्हाईक चकित होई, आणि हाताखालचा पोरगा तीच गोष्ट विद्या म्हणून आत्मसात करी.

आणि मग अल्टरनेटर आला. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९६० साली तो आपल्या गाडीवर चढविला. आपल्याकडे विजेची यंत्रे करणारी लुकास-टीव्हीएस कंपनी १९६१ साली मद्रासेत स्थापन झाली होती, तरी येथील मोटारींवर डायनामोची सत्ता पुढे बराच काळ अबाधित राहिली. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि सामान्य मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दारात अल्टरनेटर येऊन उभा राहिला. डायनामो मंदगतीत जवळजवळ काहीच देत नसे, हा मात्र फाटकाशी खोळंबलेल्या गाडीतही थोडीफार भरणी करीत राहतो. त्यातील फिरत्या चुंबकाला दोन कार्बनांवाटे किंचित प्रवाह लागतो, बाहेरच्या वेटोळ्यांत उलटसुलट वीज उत्पन्न होते, आणि सहा डायोड तिला एका दिशेने वाहावयास लावतात.

हे सहा डायोड म्हणजे जुन्या विद्येवर आलेले गंडांतर होय. चालू गाडीचे टर्मिनल उपटताच बॅटरीचा आधार निघून जातो, व्होल्टेज क्षणार्धात भलतीकडे उसळते, आणि डायोड, रेग्युलेटर किंवा गाडीतील अन्य नाजूक सामग्री त्यात बळी पडते. म्हणजे केवळ सांधा सैल झाल्याची तक्रार घेऊन आलेली गाडी, तपासणीमुळेच खरोखर नादुरुस्त होऊन परत जाई. आणि त्यात वाईट असे की चाचणीच्या वेळी ती चालत राहिल्याने उस्तादाला आपल्या हातून काय घडले याचा पत्ताही लागत नसे. ज्यांच्या बापजाद्यांनी यंत्र उघडून पाहण्याची शिस्त लावली होती त्यांनी मात्र नव्या यंत्राच्या नव्या खुणा लवकरच हेरल्या. चावी फिरवून, एंजिन चालू न करता, अल्टरनेटरच्या मागील बेरिंगशी पाना नेला आणि तो ओढला गेला, तर चुंबक जागा आहे. डॅशबोर्डवरील तांबडा दिवा चावी फिरविल्यावर लागलाच नाही, तर तो बल्ब आधी पाहावा, कारण पुष्कळ गाड्यांत त्याच दिव्यातून चुंबकाला पहिला प्रवाह मिळतो. दोन रुपयांच्या बल्बापायी सबंध अल्टरनेटर बदलल्याच्या हकीकती या धंद्यात दुर्मिळ नाहीत. दिवा पूर्ण न विझता अंधुक तेवत राहिला तर डायोडचा संशय घ्यावा. आणि रात्रभर बंद असलेल्या गाडीचा अल्टरनेटर सकाळी, एंजिन थंडगार असता, हाताला कोमट लागला तर डायोड गळके झाले असून बॅटरी रात्रीतून त्याच वाटेने झिरपून गेली हे निश्चित समजावे. या शेवटच्या परीक्षेला ना मीटर लागतो ना पाना, आणि ती मला सर्वांत मोहक वाटते.

इतके असूनही, या किनारपट्टीवर वारंवार उद्भवणाऱ्या आणि बॅटरी बदलली, अल्टरनेटर बदलला तरी न हटणाऱ्या तक्रारींचे मूळ बहुतेकदा या दोहोंपैकी कशातही नसते. ते सांध्यांत असते. समुद्राची खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि वसाहतीतील रासायनिक कारखान्यांची वाफ यांच्या संयुक्त अंमलाखाली तांब्याची तार वरचे रबर शाबूत असतानाही आतून हिरवी-काळी पडते, आणि बॉडीला अर्थिंग देणारी पट्टी गंजाच्या पापुद्र्यावर नुसती टेकून राहते. अशा सांध्याचा अवरोध किती असावा? एका ओहमचा शंभरावा भाग म्हटला तर कोणाला काहीच वाटणार नाही. परंतु सेल्फ २०० अँपिअर ओढू लागताच त्या शंभराव्या भागावर २ व्होल्ट नष्ट होतात आणि भरलेली बॅटरी मेल्यासारखी वागते. भरणीच्या वाटेवर असाच ओहमच्या विसाव्या भागाचा सांधा असेल तर २० अँपिअरला १ व्होल्ट वाटेतच खर्च होतो; अल्टरनेटरपाशी १४.२ व्होल्ट मोजून मिस्त्री समाधान पावतो, आणि बॅटरीच्या वाट्याला १३.२ च येतात. तिचे पोट कधी भरतच नाही, पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक चढत जातात, आणि सहा महिन्यांनी ती खरोखरच मरते. मग नवी आणावी, आणि पुन्हा तोच क्रम. उपाय मात्र इतका साधा की त्याचे पैसे मागण्याचीही लाज वाटावी: एंजिन चालू ठेवून, दिवे लावून, मीटरची एक कांडी अल्टरनेटरच्या टोकाला आणि दुसरी बॅटरीच्या धन टोकाला लावावी, फरक पाव व्होल्टहून अधिक दिसला तर सांधा पकडला गेला. तीच परीक्षा ऋण बाजूला, अल्टरनेटरच्या अंगापासून बॅटरीपर्यंत.

बोईसरच्या वसाहतीतून कारखान्यापर्यंतचा चार-पाच किलोमीटरांचा प्रवास बॅटरी खातो, अशी एक समजूत येथे दृढ आहे, आणि ती अर्धवटच खरी आहे. सेल्फ २०० अँपिअरने तीन सेकंद चालला तरी अँपिअर-तासाचा जेमतेम सहावा हिस्सा खर्ची पडतो. तो काही मिनिटांत भरून निघतो. खरी अडचण निराळी: शिशाची बॅटरी पहिला बराच भाग चटकन घेते, शेवटचा पाचवा हिस्सा मात्र तासन्‌तास रेंगाळत घेते, आणि रोज दहा मिनिटे चालणाऱ्या गाडीला ते तास कधीच लाभत नाहीत. दर थांब्याला अंधारणाऱ्या उतारू गाडीचेच हे दुखणे, निराळ्या चाकांवर आलेले.

जुन्या बॅटरीला सहा बुचे असत, आणि हायड्रोमीटरने प्रत्येक खणातील ॲसिडची घनता पाहता येई. उष्ण मुलुखात भरलेल्या बॅटरीची घनता १.२५० च्या आसपास मानीत, थंड देशांतल्याप्रमाणे १.२८० नव्हे; पाच खण सारखे आणि सहावा बराच खाली, तर निकाल लागला. आता बंद डब्याची बॅटरी आली आणि तो सहा साक्षीदारांचा पुरावा कायमचा बंद झाला. त्यात २००१ च्या केंद्रीय नियमांनी जुनी बॅटरी विक्रेत्याकडे परत देण्याचे बंधन घातले. शिसे पुन्हा वितळविण्यासाठी अधिकृत कारखान्यात जावे या दृष्टीने ते सर्वथा योग्य होते. परंतु जुनीच्या शिशाची किंमत वजा करून नवी देणारा दुकानदारच जेथे निदानही करतो, तेथे बॅटरी निर्दोष ठरण्याची शक्यता किती, हे वाचकांनीच ताडावे.

अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत तर अल्टरनेटरवर संगणकाची हुकमत असते, आणि इंधन वाचविण्यासाठी तो भरणी मुद्दाम कमी करून व्होल्टेज १३ च्या खालीही उतरवितो. जुन्या हिशेबाने मीटर लावणारा मिस्त्री तो आकडा पाहून धडधाकट अल्टरनेटर उतरवून ठेवतो. टर्मिनल उपटणाऱ्या त्याच्या गुरूची चूक त्याने अशी मीटर हाती घेऊन पुढे चालविली आहे. ऋण टर्मिनलवर बसविलेली छोटी सेन्सरची डबी हे या संगणकाचे नाक, आणि खारी हवा प्रथम चढते तीही नेमकी तेथेच.

उभ्या गाडीतून वीज झिरपते आहे काय, हे पाहण्याची शुद्ध रीत अजून एकच आहे: ऋण तारेभोवती सूक्ष्म प्रवाह दाखविणारा क्लॅम्प मीटर अडकवावा, गाडी कुलूपबंद करावी, प्रवाह ५० मिलिअँपिअरच्या आत येतो का पाहावे, आणि न आल्यास एकेक फ्यूज काढून चोर कोणत्या वाटेने जातो ते शोधावे. मागाहून बसविलेली एखादी म्युझिक सिस्टिम वा ट्रॅकर ०.३ अँपिअर ओढीत असला तर दिवसाला ७ अँपिअर-तास जातात, आणि लहान गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी पाच दिवसांत साफ होते. मात्र कुलूप लावल्यावर गाडीतील संगणक झोपी जाण्यास अर्धा तासही लागतो, आणि तोवर मीटरवरील आकडा निरर्थक असतो. दुसऱ्या पाळीला निघालेल्या गिऱ्हाइकाला तो अर्धा तास बसवून ठेवणे, आणि काहीही न बदलता त्याचे पैसे मागणे, हे उमरोळीपासून बोईसरपर्यंतच्या कोणत्याही दुकानदाराला अद्याप साधलेले दिसत नाही. नवी बॅटरी बसवावयास दहा मिनिटे पुरतात.