सात वर्षांचे फूल

नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्राबाहेर विखुरलेल्या आम्हां मंडळींच्या बागकामाला बदलीची मुदत आड येते. झेंडू, शेवंती, फार तर गुलाब. एका हंगामात जे फुलेल तेच आपले. सिमल्यास असताना निवासामागील देवदारांच्या सावलीत आम्ही या नियमाला एकदाच अपवाद केला. ज्या फुलासाठी केला त्याची कथा ऐकण्याजोगी आहे.

हे फूल हिमालयातील महाकाय लिलीचे. ओलसर अरण्यात, कुजलेल्या पाल्यात ती वाढते. पाने हृदयाकृती, दांडा पोकळ आणि दहा फुटांपर्यंत उंच; त्यावर कर्ण्याच्या आकाराची शुभ्र, सुगंधी फुले, आतून तांबूस-जांभळ्या रेघांची. शास्त्राला तिची ओळख करून दिली नथॅनिएल वॉलिक याने. हा डॅनिश शल्यवैद्य १८०७ साली श्रीरामपूरच्या वसाहतीत चाकरीस आला. (केरीसाहेबांचे मराठी व्याकरण १८०५ साली जेथे छापले गेले, तेच हे श्रीरामपूर.) पुढे कलकत्त्याच्या वनस्पति-उद्यानाचा अधीक्षक झाल्यावर १८२०-२१ मध्ये तो नेपाळात हिंडला आणि १८२४ साली त्याने या लिलीचे वर्णन प्रसिद्ध केले. घरापासून दूर पडलेला तोही एक चाकरमानीच!

विलायतेत ती प्रथम फुलली १८५२ साली, एडिंबरोस. म्हणजे वर्णनानंतर अठ्ठावीस वर्षांनी! पुढे गर्ट्रूड जेकिल या बागशास्त्रज्ञ विदुषीने सरे परगण्यातील आपल्या वनोद्यानात ती हौसेने वाढविली. आमच्या सिमल्याच्या शेजारीपाजारी मात्र डेलियाच्या कुंड्या होत्या, आणि ही इथलीच वनकन्या दरीत एकटी.

तिच्याविषयी उदासीनता का, हे लागवड करताना उमगले. बी उगवायलाच एखादे वर्ष मोडते. बियांपासून फुलापर्यंत सुमारे सात वर्षे लागतात. सावली हवी, पण दाट काळोख नको. ओल हवी, पण पाणी साचता कामा नये. आणि पालापाचोळ्याचे खत भरपूर. इतके करून, केळ जशी घड देऊन संपते आणि बुंध्याशी मुनवे ठेवते, तसाच हिचा कंद एकदा फुलून मरतो. मागे पिलकंद राहतात. कोकणातल्या माणसाला हे नवे नाही, पण केळ वर्षभरात निसवते हो!

तिसऱ्या वर्षी आमच्या वाफ्यात पाच रोपे होती, पाने तळहाताएवढी. आणि बदलीचा हुकूम आला. आमच्या जागी आलेल्या मल्याळी गृहस्थांना आम्ही वाफा दाखविला व तेथे कुदळ न चालविण्याची विनंती केली.

"फूल केव्हा येईल?" त्यांनी विचारले.

"आणखी चार वर्षांनी."

"तोवर मीही नसेन," ते हसून म्हणाले. मग क्षणभर थांबून त्यांनी विचारले, उन्हाळ्यात पाणी रोज घालायचे की एकाआड एक दिवस?