भोवरा : एका शब्दाची कुळकथा

वाहत्या पाण्याला खांब, खडक किंवा काठाचा कोपरा आडवा आला की त्याच्यामागे पाणी उलटे फिरू लागते. मधोमध दाब घटून खळगा पडतो. हाच भोवरा. नागपुरात अंबाझरी तलावाकडून सीताबर्डीला येणारी नागनदी एरवी संथ असते. पण २३ सप्टेंबर २०२३ रोजी तलाव ओसंडून पाणी सीताबर्डीत, म्हणजे बर्डीत शिरले. अशा पुरात पुलाच्या खांबांमागे भोवरे धरतात. बर्डीच्या बाजारात त्याला कोणी भोवरा म्हणेल, कोणी हिंदीत ‘भँवर’. दोन्ही शब्द सख्खे भाऊ.

मूळ संस्कृत ‘भ्रमर’, म्हणजे भुंगा. ‘भ्रमरक’चे अर्थ मात्र भुंगा, कपाळावरची बट, फिरवायचा भोवरा आणि पाण्यातला भोवरा असे चारही आहेत. प्राकृतात ‘भमर’ झाले. पुढे ‘म’चा अनुनासिक ‘व’ झाला, जसे ग्रामचे गांव, नामचे नांव. म्हणून जुने लेखन ‘भोंवरा’. ते टिंब म्हणजे हरवलेल्या ‘म’ची शेवटची खूण, १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी तीही पुसली.

खरा वाद पुढे आहे. भुंगा गरगरतो म्हणून भ्रमर, की गुणगुणतो म्हणून? काही अभ्यासक हा शब्द जर्मन ‘ब्रेम्झे’ (गोमाशी) आणि लॅटिन ‘फ्रेमेरे’ (गुरगुरणे) यांच्याशी जोडतात. त्यांच्या मते आधी आवाज, मग फिरणे. खेळण्यातला भोवरा घुमतोही आणि फिरतोही, त्यामुळे तो दोन्ही बाजूंचा साक्षीदार. मराठीचा कौल मात्र फिरण्याकडे आहे. भोवती, भोवळ, भोवंडणे यांत आवाजाचा मागमूस नाही. माणसाच्या टाळूवरचा किंवा बैलाच्या कपाळावरचा भोवराही मुकाच. गुणगुणण्याचा वारसा दुसऱ्या घराण्यातल्या, ‘भृंग’पासून आलेल्या भुंग्याने सांभाळला.

पाण्यातल्या भोवऱ्याला पोथीतला शब्द ‘आवर्त’. तो ‘वृत्’ म्हणजे वळणे या धातूचा. त्याचे ‘आवर्तन’ कालव्याच्या पाळीत, तबल्याच्या तालात आणि रसायनशास्त्राच्या आवर्त सारणीत गेले, पण नदीकाठच्या बोलण्यात भोवराच टिकला. ‘केलेले भोवले’ हेही बहुधा याच कुळातले: जुन्या ‘भोंवणे’चा अर्थ फिरणे, आणि केलेले कर्म फिरून कर्त्यावरच येते.