चुनखडीतला घातांक
५ सप्टेंबर १९२७ रोजी अल्सासमधल्या पेशेलब्रॉनला श्लुम्बर्जे बंधूंच्या माणसांनी विहिरीतल्या खडकांचा विद्युतरोध पहिल्यांदा नोंदवला. खारं पाणी वीज वाहून नेतं, तेल नाही. गस आर्चीने १९४२ साली त्यावरून सूत्र मांडलं, पण वालुकाश्मासाठी. चुनखडी बेभरवशाची: विरघळून झालेल्या तिच्यातल्या पोकळ्या कित्येकदा एकमेकींना जोडलेल्याच नसतात. तिथे सूत्रातला सच्छिद्रतेचा घातांक २ च्या बराच वर जातो. आम्हा कोड लिहिणाऱ्यांना ‘डीफॉल्ट २’ निरुपद्रवी वाटतो. इथे मात्र त्यामुळे पाण्याचा थरही तेलाचा दिसू शकतो. आपल्या मुंबई हायचं तेल मुख्यतः चुनखडीतलंच! १९५२ साली चुनखडीचं वर्गीकरण करताना खुद्द आर्चीने दगडाचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली धरले होते.